साबांच्या छातीतली धडधड: घरी ईसीजी काढायला कुठलं यंत्र घ्यावं?

गोकर्णी | १२ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. साबा (सासूबाई) ७१ वर्षांच्या, चिपळूणला साबुंसोबत (सासरेबुवांसोबत) राहतात. आम्ही पुण्यात. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही, थायरॉइड तपासलाय, नॉर्मल आला. गेल्या काही महिन्यांपासून मधूनच छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं म्हणतात. कधी पहाटे, कधी दुपारी जेवून आडवं झाल्यावर. थोड्या वेळात आपोआप थांबतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचा ईसीजी) लावला, तर नेमकं त्या दिवशी काहीही झालं नाही. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक.

कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले, एट्रियल फिब्रिलेशनचा (एएफ, हृदयाची लय बिघडणं) संशय आहे, पण कागदावर सापडल्याशिवाय रक्त पातळ करायची गोळी देणार नाही. "त्रास होत असताना घरच्या घरी पट्टी (ईसीजीची रेघ) काढता आली तर बघा." कुठलं यंत्र ते विचारायचं राहिलं, बाहेर ही गर्दी.

नवरा म्हणतो अ‍ॅपल वॉच घेऊ. जाऊबाई म्हणतात बीपीच्या मशीनमध्येच कळतं. धाकट्या दिरांनी करोनातला ऑक्सिमीटर शोधून ठेवलाय. साबांकडे बटणांचा फोन आहे. साबुंकडे स्मार्टफोन, पण तो व्हॉट्सअ‍ॅप आणि भजनांपुरता. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा. जाहिराती वाचून झाल्यात.

पळीपंचपात्र | १२ जून, रात्री १०:३१

आईकडे ओमरॉनचं बीपी मशीन आहे. ठोके वेडेवाकडे असले की हृदयाचं चिन्ह येतं. वेगळं काही घ्यायची गरज नाही असं माझं मत.

मनीमाऊ | १२ जून, रात्री १०:४८

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे.

बायोमेड_नाशिक | १२ जून, रात्री ११:२०

पळी, तेवढ्यावर भागणार नाही. ते चिन्ह कधी येतं हे माहितीपत्रकातच दिलेलं असतं: मोजणी चालू असताना ठोक्यांची लय सरासरीच्या २५ टक्के वर किंवा खाली गेली की. एखाददुसरा जास्तीचा ठोका पडला, मध्येच बोललं, हात हलला, तरी ते उमटू शकतं. काहीतरी विस्कटलंय एवढंच कळतं, काय ते नाही. मायक्रोलाइफची एएफ हेरणारी बीपी मशीनही आहेत. त्यातल्या वॉचबीपी होम ए ची ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केली होती, पण संशय आला की पुढे ईसीजी काढायचाच, असं गृहीत धरून.

गोकर्णी, दुकानात जायच्या आधी एक फरक डोक्यात पक्का करा. बीपी मशीन, ऑक्सिमीटर, फिटनेस बँड हे सगळे नाडी मोजतात. म्हणजे हृदयाने ढकललेलं रक्त हातापर्यंत आलं की नाही, ते. बँडच्या पाठीवरचा हिरवा दिवा तेच करतो. ईसीजी मात्र हृदयातली वीज मोजतो. एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांचे ठोके कसेही पडतात. त्यातले काही ठोके इतके अशक्त असतात की बोटापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे ऑक्सिमीटर नाडी ९० दाखवत असताना हृदय प्रत्यक्षात ११० ने धावत असू शकतं. दिरांना सांगा, ऑक्सिजन बघायला तो ठेवा, याला नको.

डॉक्टरांनी पट्टी मागितली आहे, म्हणजे विजेची रेघ काढणारंच यंत्र हवं. त्यात घरगुती वापराचे प्रकार मोजकेच. एक, बोटांनी धरायचं पट्टीसारखं यंत्र (यालाही लोक पट्टीच म्हणतात): अलाइव्हकोरचं कार्डियामोबाइल आणि त्याचं सहा लीडचं (लीड म्हणजे हृदयाची वीज बघायची एक दिशा) भावंड ६एल. दुसरं, ईसीजीवालं घड्याळ. तिसरं, आपल्याकडची बारा लीडची यंत्रं, उदाहरणार्थ डेहराडूनच्या सनफॉक्सचं स्पंदन, जे शार्क टँक इंडियाच्या पहिल्या पर्वात आलं होतं. बारा लीड ऐकायला भारी वाटतं, पण छातीवर ठरलेल्या जागी वायरी लावाव्या लागतात. पहाटे धडधड सुरू झाल्यावर साबु चष्मा शोधून बरगड्या मोजत बसणार का? खेड्यातल्या डॉक्टरकडे किंवा घरात नर्स असेल तर उत्तम वस्तू. तुमच्या केसमध्ये नाही.

निवांत६८ | १३ जून, सकाळी ६:५०

मी स्वतः एएफवाला. येतं-जातं प्रकारातला. कार्डियामोबाइल बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

च्युइंगमच्या पाकिटाएवढी पट्टी, वर दोन धातूच्या चकत्या. अ‍ॅप उघडायचं, दोन्ही हातांची बोटं टेकवायची, ३० सेकंद गप्प बसायचं. रेघ फोनवर सरकताना दिसते, शेवटी निकाल येतो आणि पीडीएफ तयार होते. ती डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करता येते. नाण्यासारखी सीआर २०१६ बॅटरी, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

आता माहितीपत्रकात बारीक अक्षरात असलेल्या गोष्टी. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, हिवाळ्यात तर फारच. तशीच टेकवली की रेघेत नुसतं गवत उगवतं. बोटं पाण्याने किंचित ओली करायची, पुसून कोरडी नाही करायची. हात अधांतरी नकोत, कोपर टेबलावर किंवा उशीवर हवेत. पट्टी घट्ट दाबून धरायची नाही, स्नायूंची वीजसुद्धा रेघेत येते. फोन चार्जिंगला लावलेला नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोणी बोलायचं नाही. आमची ही "काय येतंय, काय येतंय" करत डोकावायची आणि मी उत्तर द्यायचो की पट्टी वाया. जुनं मॉडेल फोनला माहिती पाठवतं ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजातून, म्हणून फोनच्या माइकजवळ ठेवावं लागतं. ६एल ब्लूटूथवर चालतं.

ताई, घेणारच असाल तर ६एल घ्या. साध्यात एकच लीड, दोन हातांमधली. ६एलला खालून तिसरी चकती असते, ती डाव्या गुडघ्याला किंवा घोट्याला टेकवायची. वरच्या कप्प्यांची छोटी लाट त्यात जास्त स्पष्ट दिसते असं माझे डॉक्टर म्हणतात.

ह्यूस्टनकर | १३ जून, सकाळी ८:०५

घड्याळाची बाजू मांडतो. अ‍ॅपल वॉचमध्ये ईसीजी आला २०१८ च्या सिरीज ४ पासून, भारतात २०१९ पासून चालू आहे. एसई मॉडेलमध्ये ईसीजी नाही, स्वस्त म्हणून ते उचलू नका. आयफोन लागतोच. सॅमसंगच्या घड्याळांचंही तसंच, ईसीजीला सॅमसंगचा फोन हवा. म्हणजे साबांसाठी नुसतं घड्याळ नाही, फोनही आला.

घड्याळात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक, मागच्या मागे हिरव्या दिव्याने नाडी बघून "लय अनियमित वाटते" अशी सूचना. दुसरी, आपण बोट टेकवून काढलेला ३० सेकंदांचा ईसीजी. पहिलीचा गाजलेला अभ्यास म्हणजे अ‍ॅपल हार्ट स्टडी, सुमारे ४ लाख १९ हजार लोक. सूचना मिळाली फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीला चिकटवायचा ईसीजी पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांच्या पॅचवर एएफ दिसलं. बाकीच्यांना सूचना खोटीच आली होती असं यातून म्हणता येत नाही, कारण येणारं-जाणारं एएफ पॅचच्या वेळी रजेवर असू शकतं. पण घड्याळ गप्प आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. ते सतत बघत नसतं, अधूनमधून नमुने घेतं आणि बरेच नमुने बिघडलेले दिसले तरच बोलतं. थोड्या मिनिटांचा झटका त्यातून सहज निसटतो.

ईसीजी काढताना ठोके १५० च्या वर असतील तर ते एएफ आहे-नाही याचा निकाल देत नाही. रेघ मात्र पीडीएफमध्ये राहते आणि डॉक्टर ती वाचू शकतात.

अवांतर: अमेरिकेतून कोणी यंत्र आणणार असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये विजेची फ्रिक्वेन्सी बघा. इकडे ६० हर्ट्झ, भारतात ५०. फिल्टर चुकीचा असला की रेघ जाडजूड केसाळ दिसते आणि लोक यंत्राला शिव्या घालतात.

गोकर्णी | १३ जून, सकाळी ११:३०

सगळ्यांना धन्स. घड्याळ बाद. साबा रोज काहीतरी चार्ज करतील हे अशक्य. ६एलकडे मन वळतंय. पण मला एक कळत नाही, डॉक्टरांचं पट्टीवाचून एवढं का अडतं? लक्षणं ऐकून गोळी का देत नाहीत?

स्टेथो | १३ जून, दुपारी २:१५

फिजिशियन होतो, आता निवृत्त. इथे कोणाला औषध सांगणार नाही, मुद्दा समजावतो.

धडधड म्हणजे एएफच असं नसतं. एक्टोपिक म्हणजे वेळेआधी पडणारे ठोके, एसव्हीटी (अचानक सुरू होणारी जलद लय), नुसती घाबरून वाढलेली गती, रक्त कमी असणं, सगळ्यांचं वर्णन पेशंट जवळजवळ सारखंच करतो. रक्त पातळ करायची गोळी यातल्या फक्त एएफला, आणि तीही सगळ्यांना नाही. ती गोळी आयुष्यभराची होऊ शकते आणि रक्तस्रावाचा धोका घेऊन येते. नुसत्या वर्णनावर ती कोण सुरू करेल? एएफ म्हणायचं तर बारा लीडचा ईसीजी किंवा निदान ३० सेकंदांची एका लीडची रेघ हवी, आणि ती डॉक्टरने डोळ्यांनी वाचलेली हवी. अ‍ॅपचा निकाल हे निदान नव्हे.

सापडलं तर काय, हेही सांगतो. एएफमध्ये डाव्या वरच्या कप्प्याच्या एका पिशवीवजा कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. धोका सुमारे पाचपट धरतात. मग गुण मोजतात: वय ६५ ते ७४ ला १, पंचाहत्तरीला २, बीपीला १, मधुमेहाला १, हृदय कमकुवत असेल तर १, रक्तवाहिन्यांचा आजार १, आधी पक्षाघात झाला असेल तर २. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत बाई असण्याचा वेगळा गुण काढून टाकलाय. तुमच्या सासूबाईंचे वयाचा १ आणि बीपीचा १ मिळून २ होतात, आणि २ असतील तर गोळीची शिफारस आहे. म्हणजे त्यांच्या बाबतीत ती पट्टी खरोखर निर्णय बदलणारी आहे. चाळिशीतल्या निरोगी माणसाच्या बाबतीत हे असंच असेल असं नाही.

आपल्याकडचा एक विशेष: लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आक्रसलेली असेल तर हा गुणांचा हिशोब लागूच होत नाही. तिथे गोळी लागतेच, आणि नव्या गोळ्या नव्हे तर वॉर्फरिन किंवा असिट्रॉम. यांचा एको ठीक आहे म्हणजे तो प्रश्न नाही.

आणि एक अट. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर यंत्राला हात लावायचा नाही. सरळ १०८. घरची पट्टी हार्ट अटॅक ओळखत नाही. नॉर्मल निकाल बघून लोक घरी थांबतात, ती खरी भीती.

तिरकस | १३ जून, दुपारी ४:४०

मी थोडं विरजण घालतो. घरोघरी ईसीजी काढून नक्की काय साधतं? डेन्मार्कचा लूप अभ्यास, २०२१. सत्तरीपुढच्या ६००४ लोकांपैकी चौथाई लोकांच्या कातडीखाली रेकॉर्डर बसवले. त्यांच्यात एएफ सापडलं ३१.८ टक्के, इतरांत १२.२. गोळ्याही भरपूर सुरू झाल्या. पण पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणजे जास्त शोधा, जास्त पेशंट बनवा, यंत्रं विका.

बायोमेड_नाशिक | १३ जून, संध्याकाळी ५:२५

अभ्यास खरा आहे, पण त्याच्या उलट टोकाचेही आहेत. स्वीडनमध्ये स्ट्रोकस्टॉप म्हणून झाला, ७५-७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे दिवसातून दोनदा ३० सेकंदांचा ईसीजी घरी काढायला लावला. तिथे थोडासा का होईना फायदा दिसला. वेल्समध्ये २०१७ च्या अभ्यासात १००१ लोक होते, अर्ध्यांना कार्डिया दिलं, आठवड्यातून दोनदा, वर्षभर. त्या गटात १९ जणांचं एएफ सापडलं, नेहमीच्या पद्धतीने ५ जणांचं.

स्टेथो | १३ जून, संध्याकाळी ६:१०

तिरकस, तुमचा मुद्दा लक्षणं नसलेल्यांना पकडून तपासण्याबद्दल आहे, आणि तिथे मी बराचसा तुमच्या बाजूचा आहे. इथे बाईंना त्रास होतोय, डॉक्टरांनी प्रश्न विचारलाय, उत्तराने उपचार ठरणार आहे. ही चाळणी नाही, तपास आहे.

तिरकस | १३ जून, संध्याकाळी ६:३२

हा फरक मान्य. पण घरातले बाकीचे सात जण हौसेने बोटं टेकवणार, त्याचं काय? हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

निवांत६८ | १३ जून, संध्याकाळी ७:००

टेकवतात! जावई येऊन काढून गेला, "अनक्लासिफाइड" आलं, रात्रभर झोपला नाही. पट्टी आता माझ्या कपाटात असते. मी स्वतःही सुरुवातीला ऊठसूट काढायचो आणि काढण्याच्या धास्तीनेच ठोके वाढायचे. डॉक्टरांनी नियम घालून दिला: त्रास झाला की एक, आणि त्यांनी सांगितलं असेल त्या काळात सकाळ-संध्याकाळ एक. बाकी नाही.

मनीमाऊ | १३ जून, रात्री ९:१५

बाबांना पार्किन्सन आहे, हात थरथरतात. त्यांना चालेल का?

बायोमेड_नाशिक | १३ जून, रात्री ९:५०

थरथर रेघेत उतरते आणि अ‍ॅप गोंधळतं. तळहात मांडीवर टेकवून, पट्टी मांडीवर ठेवून बघा. जमलं नाही तर डॉक्टरांना छातीला चिकटवायच्या पॅचबद्दल विचारा, काही दिवस लावून ठेवतात. पेशंटला काहीच करावं लागत नाही.

गोकर्णी | ६ जुलै, रात्री १०:०२

धागा वर काढतेय. ६एल घेतलं. नवऱ्याचा जुना अँड्रॉइड फोन त्यासाठीच ठेवलाय, स्क्रीनवर फक्त ते एक अ‍ॅप, बाकी सगळं उडवलं. विकत घ्यायच्या आधी फोनचं मॉडेल चालतंय का ते कंपनीच्या यादीत बघितलं, ते सगळ्यांनीच बघा.

शनिवार-रविवार चिपळूणला जाऊन शिकवणी घेतली. साबा पलंगाच्या कडेला बसतात, साडी डाव्या गुडघ्यापर्यंत घेतात, पट्टी गुडघ्यावर, वर दोन्ही अंगठे. सुरुवातीला पट्टी परकरावरच टेकवत होत्या, कातडीला नाही, त्यामुळे अ‍ॅप सुरूच होईना. अंगठे ओले करायला साबुंनी देवघरातली पळी-भांडं आणून ठेवलं (पळीपंचपात्र, तुमची आठवण आली). बटण दाबणार साबु. ते निवृत्त मास्तर, त्यांनी लगेच वही घातली: तारीख, वेळ, काय करत होती, किती वेळ टिकलं, आधी काय खाल्लं. "पहाटे ४.१०. धडधड. उठून बसली. पट्टी ४.१४ ला. ४.२५ ला थांबली."

त्या पहाटेच्या पट्टीवर अ‍ॅपने "शक्यता एएफची" असं लिहिलं. आम्ही हादरलो. डॉक्टरांना पीडीएफ पाठवली. त्यांनी बघून सांगितलं की यात बऱ्याच ठिकाणी वरच्या कप्प्याच्या लाटा दिसताहेत, हे वेळेआधीचे ठोके ओळीने पडलेत, अ‍ॅप त्याला फसलंय. अजून एएफ म्हणणार नाही. पण असे ठोके इतके असतील तर सोडूनही देणार नाही, म्हणून आता सात दिवसांचा पॅच सांगितलाय आणि पट्टी चालू ठेवायची. साबुंच्या वहीचे फोटो मात्र त्यांनी मागून घेतले.

स्टेथो | ७ जुलै, सकाळी ९:२०

डॉक्टर सावध आहेत, चांगली गोष्ट. सहा लीड घेतल्याचा इथे उपयोग झाला असावा, एका लीडमध्ये त्या लाटा कदाचित दिसल्या नसत्या. पॅचच्या दिवसांतही वही चालू ठेवा. झटक्याची वेळ आणि पॅचवरची रेघ जुळवता आली तर अर्धं काम होतं. आणि बीपी मोजाल तेव्हा एका आकड्यावर जाऊ नका. ठोके विस्कळीत असताना मशीनचे आकडे वरखाली होतात, तीनदा घेऊन सरासरी काढा.

मनीमाऊ | ७ जुलै, दुपारी १:४५

अजून एक विचारते. मामांना पेसमेकर आहे, तेही म्हणताहेत ६एल मागवतो. चालेल?

बायोमेड_नाशिक | ७ जुलै, दुपारी ३:१०

पेसमेकर किंवा आयसीडी (गरज पडली की हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांसाठी कंपनी स्वतःच त्याची शिफारस करत नाही. शिवाय त्यांना गरजही नसावी. पेसमेकरची एक वायर वरच्या कप्प्यात असेल तर तो तिथली वेडीवाकडी गती स्वतःच नोंदवून ठेवतो, तारीख-वेळेसकट. तपासणीला गेल्यावर छातीवर प्रोग्रामर नावाचं यंत्र ठेवून ते वाचता येतं, पण मुद्दाम विचारावं लागतं. एकच वायर आणि तीही खालच्या कप्प्यात असेल तर ही नोंद मिळणार नाही. पेसमेकर बसवताना दिलेलं कार्ड मामांकडे असेल, त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं. ते घेऊनच जा.